अठरा फूट चार इंच

“ओट्यापासून समोरच्या ओट्यापर्यंत अंतर अठरा फूट चार इंच,” कोठावदेंनी मोठ्यानं वाचलं आणि कागद खाली करून ते हसले. “वा! एवढं नेमकं? कोणी मोजलं हे?”

माझा हात वर गेला. वर्गात जातो तसाच, अर्धं उठून, बोटं छताकडे ताणून.

“मी!”

नगरपंचायतीच्या सभागृहात सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मला काय वाटलं असेल? शाबासकी! दुसरं काय वाटणार? मी आठवीत होते, वर्गात निबंधात पहिली, आणि त्या टेबलावर ठेवलेले तेवीसच्या तेवीस हरकतअर्ज माझ्या अक्षरात होते.

“नाव काय बेटा?”

“उत्कर्षा भालेकर. खालची आळी.”

शेजारी बसलेल्या आईनं माझी ओढणी खाली खेचली. “बस. विचारलं तेवढंच बोल.”

“विचारलं तेवढंच बोलले की!”

दोन वर्षं झाली त्याला. आता मी दहावीत आहे, पण तो हात वर करण्याचा क्षण आठवला की अजून कान गरम होतात.

प्रकरण असं होतं. आमच्या आळीच्या मागे मोठा माळ आहे, खडकाळ, कुसळांचा. एका कंपनीला तिथं गाड्या ठेवायला उघडं यार्ड करायचं होतं. एमआयडीसीतल्या कारखान्यातून निघालेल्या कोऱ्या गाड्या विकल्या जाईपर्यंत तिथं उभ्या राहणार, पाचशे-सहाशे. वाईट काय त्यात? काहीच नाही. पण गाड्या येणार ट्रेलरवरून, एकेका ट्रेलरवर आठ-आठ, आणि माळावर जायला रस्ता एकच, आमच्या आळीतून. दिवाळीच्या आधी एक ट्रेलर नुसता रस्ता बघायला म्हणून आत आला, तर वळताना आमच्या न्हाणीचा कोपराच घेऊन गेला. आई आत कपडे धूत होती. साबणाच्या हातानं ती तशीच बाहेर आली आणि ड्रायव्हरला म्हणाली, “दार होतं ना तिकडं.”

मग नगरपंचायतीच्या फलकावर नोटीस लागली. यार्डाच्या परवानगीबद्दल कोणाला हरकत असेल तर लेखी द्यावी. आळीत तेवीस घरं. सगळ्यांची हरकत, पण लिहायचं कोणी? आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या मराठीच्या बाईंनी तक्रारअर्ज शिकवला होता. बाई म्हणाल्या होत्या, “नुसतं रडगाणं नको. मुद्दा हवा, पुरावा हवा, आकडा हवा.”

मी ठरवलं, आकडा देऊ! पीटीच्या सरांकडून थाळीफेकीचा लांब टेप मागून आणला, अख्खी आळी मोजली, आणि प्रत्येक घराचा वेगळा अर्ज लिहिला. ‘माझ्या घरापुढे पाच फूट दहा इंचांचा ओटा असून तेथे माझी लहान मुले खेळतात.’ ‘माझ्या घरापुढे पाच फूट सहा इंचांचा ओटा असून तेथे माझे वृद्ध सासरे बसतात.’ एकाचं दुसऱ्यात घातलं नाही. आळीतले मला वकिलीणबाई म्हणायला लागले होते, आणि मला ते फार, फार आवडत होतं.

“मॅडम,” कोठावदे आता मुख्याधिकारी मॅडमकडे वळले. ते कंपनीच्या वतीनं आलेले. बारीक काड्यांचा चष्मा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आवाज असा मऊ की चिडताच येऊ नये. “या मुलीचं काम बघून मला खरंच आनंद झालाय. अर्ज नंबर सतरा आणि अठरा, समोरासमोरची घरं. ओटा ते ओटा अठरा फूट चार इंच. एकाचा ओटा पाच फूट दहा. दुसऱ्याचा पाच फूट सहा. बेटा, बेरीज कर बरं.”

आणि मी केली! उभी राहून केली! “एकोणतीस फूट आठ इंच.”

“म्हणजे किती मीटर?” त्यांनीच मोबाईलवर आकडेमोड करून मॅडमना दाखवली. “नऊ मीटर, चार सेंटिमीटर. नियम नऊ मीटरच्या रस्त्याचा आहे. आमच्या नकाशात आम्ही नऊ मीटरच दाखवलाय. या लोकांची हरकत काय, तर रस्ता अरुंद आहे. रस्ता अरुंद नाही मॅडम. रस्त्यावर ओटे आहेत. आणि कोणाचा ओटा किती रस्त्यावर आलाय, हे तेवीस जणांनी स्वतःच्या सहीनं लिहून दिलंय. आम्हाला मोजणी करावी लागली असती. यांनी करून दिली.”

डोक्यावरचा पंखा खडखडत होता. मी अजून उभीच होते. बसायचं असतं हे सुचत नव्हतं.

मुख्याधिकारी अरगडे मॅडम तरुण होत्या. त्यांनी सगळे अर्ज पुढ्यात ओढले आणि एकेक उलटायला लागल्या. प्रत्येक पानावर त्यांचं पेन ओट्याच्या आकड्यावर थांबायचं, पुढं जायचं. तेवीस वेळा.

“हे ओटे रस्त्याच्या हद्दीत असतील,” त्या म्हणाल्या, “तर ते अतिक्रमण ठरतं. तक्रार असो नसो, माझ्यासमोर आलं की मला कारवाई करावी लागते. हे तुम्हा सगळ्यांना समजतंय का?”

मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “आगं बया.”

“उत्कर्षा, हे आकडे तू मोजून लिहिलेस की अंदाजे?”

मी तोंड उघडलं, तेवढ्यात शिपाई आत आला. कलेक्टर ऑफिसची व्हिडिओवरची मीटिंग सुरू होतेय, मॅडमना बोलावलंय.

“वीस मिनिटं,” मॅडम उठल्या. “आल्यावर मला नोंद करायचीय. विचार करून सांग. मोजून, की अंदाजे.”

व्हरांड्यात आळीतल्या दहा-बाराजणी होत्या. बाप्ये सगळे कामावर, म्हणून सुनावणीला बायकाच आलेल्या. मघाशी येताना रिक्षात किती बडबड चालली होती! आता कोणी माझ्याकडे बघेना.

“एवढं इंचइंच कशाला लिवायचं म्हन्ते मी?” एकजण भिंतीकडे बघून म्हणाली.

“आपल्याच हातानं आपलं सरण रचलं.”

“पोरीला काय बोलता?” दुसरी. “सह्या कोणी केल्या? वाचून दाखवलं होतं तिनं.”

“वाचलं, पण अतिक्रमण म्हन्तात त्याला हे कुटं वाचलं?”

कोठावदे जिन्यापाशी फोनवर होते. फोन ठेवून ते आमच्याकडे आले, चपला काढून देवळात यावं इतक्या नम्रपणे.

“ताई, तुमचं आमचं वैर नाही. मला तुमचे ओटे पाडून काय मिळणार? ट्रेलरला अठरा फूट पुरतात. रडतखडत जाईल, पण जाईल. या मुलीनं मोजलं म्हटलं की मॅडमना जागेवर यावं लागणार, नोटिसा, पाडापाडी, त्यात माझे चार महिने जाणार. आणि शेवटी ओटे पडले की रस्ता नऊ मीटरचा होणारच. मग यार्डही होणार, ओटेही जाणार.” ते माझ्याकडे बघून हसले. “लहान आहे. अंदाजे टाकले आकडे, म्हणाली तर कोण रागावणार आहे? हरकती आज निकाली निघतील. तुमचे ओटे तुम्हाला.”

ते पुन्हा जिन्यापाशी गेले. बोललेलं काही खोटं नव्हतं. तेच तर वाईट होतं.

“म्हणजे कसंही केलं तरी ट्रेलर येणार,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला. “फक्त ओटे ठेवायचे की घालवायचे, एवढंच.”

आई शिलाई करते. तिचं मशीन आमच्या ओट्यावरच असतं, उजेडाला. दातात दोरा धरायची तिची सवय आहे. दोरा नसला की ओठ धरते. तसा धरला होता.

“आई, काय सांगू?”

“अर्ज तू लिहिलेस. काय सांगायचं ते तूच सांग. मी मशीन आत घेईन, नाहीतर ट्रेलरची धूळ खाईन. मला दोन्ही जमेल.”

“असं नको ना बोलू!”

“मग कसं बोलू? मला माहीत असतं तर सांगितलं असतं.”

तेवढ्यात तानूमावशीनं मला हाक मारली. तानूमावशी आमच्या बरोब्बर समोर राहते. साठीची, एकटी, ठसक्याची. तिच्या ओट्यावर मिरच्या, कोथिंबीर, लिंबं, आलं असं सगळं असतं. सकाळी सातला पोतं अंथरते, रात्री आठला उचलते. नवरा गेला तेव्हापासून त्या ओट्यावरच तिचं सगळं आहे. आळीतला सगळ्यात मोठा ओटा तिचा. कोणी बसलं की म्हणते, “बस, पण कोथमिरीवर नको.”

ती मला पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेली. इतकी वर्षं ती मला फक्त टाकून बोलत आलेली. ‘ए शहाणे, ए वकिलीण, नाकाचा शेंबूड पूस आधी.’ त्या दिवशी तिनं माझा हात धरला. तिचा तळवा आल्यासारखा खरबरीत, आणि गार.

“उत्का. माझं ऐकशील?”

“काय?”

“म्हन, अंदाजे लिवलं.”

मी मागं, व्हरांड्यातल्या आईकडं बघितलं.

“येऊ दे त्यो ट्रेलर मरायला. धूळ खाऊ. पन वटा गेला तर मी बसू कुटं गं? बाजारात गाळा घ्यायला माझ्याकडं काय हाय? घरात बसून मिरची इकता येत न्हाई. गिऱ्हाईक रस्त्यावनं जातं, त्याला दिसाय लागतं.” तिनं माझा हात दाबला. “तुला शाळेत कोन काय म्हननार न्हाई. पोर हाय, चुकली म्हनतील.”

“हो,” मी म्हणाले.

दुसरं काय म्हणणार? चूक माझी होती. मी तिचा ओटा फुटाइंचात लिहून सरकारला दिला होता.

मॅडम परत आल्या तेव्हा एक वाजत आला होता. सगळे बसले. कोठावदेंनी फाईल बंद करून मांडीवर ठेवली होती, आता निघायचंच आहे अशी.

“हां, उत्कर्षा. उभी राहा. मोजून, की अंदाजे?”

मघाशी वाटत होतं की एक शब्द तर आहे. पण आधी मी समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

“अंदाजे,” मी म्हणाले.

“मोठ्यानं.”

“अंदाजे.”

मॅडमनी पेन उचललं. मग परत ठेवलं. वरचे दोन अर्ज बाजूला काढून त्यांनी जवळ धरले.

“अंदाजे लिहिणारा माणूस पाच फूट लिहितो, सहा फूट लिहितो,” त्या म्हणाल्या. “इथं सहा फूट चार इंच आहे. पाच फूट तीन इंच आहे. तेवीस अर्जांत ओट्याचा एकही आकडा सरळ नाही. अंदाज असा येतो का?”

कोठावदे पुढं झुकले. “मॅडम, मुलगी स्वतः सांगतेय—”

“तिच्याशी बोलतेय मी. उत्कर्षा, समज, मोजलं. अठरा फुटांवर टेप एकटीला धरता येत नाही. दुसरं टोक कोणी धरलं होतं?”

कसला प्रश्न विचारला त्यांनी! उत्तर माझ्यापासून चार खुर्च्यांवर बसलं होतं. मी मागं बघितलं नाही. जिवाच्या आकांतानं समोरच बघत राहिले. मॅडमच्या मागं भिंतीवर तालुक्याचा नकाशा होता, त्यातल्या एका निळ्या रेघेवर डोळे लावले.

“कोणी नाही,” मी म्हणाले.

“म्हणजे टेप होता?”

“नाही… म्हणजे…”

“टेप होता की नव्हता?”

तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कोणी हसलं नाही.

“म्या,” मागून आवाज आला.

खुर्ची सरकली. तानूमावशी उभी राहत होती, गुडघ्यावर हात टेकून, हळू.

“म्या धरलं व्हतं दुसरं टोक. सगळ्या आळीभर. ही पुढं पळायची, म्या टोक घेऊन मागं. मला इंच वाचता येत न्हाईत, पन धरता येतं. ढिला सोडला न्हाई कुटं. पोरीनं लिवलंय ते बरोबर हाय.”

“मावशी!” मी ओरडलेच.

“तू गप.” ती मॅडमकडेच बघत होती. “मघाशी हिला अंदाजे म्हन म्हनून म्याच शिकवलं. ते पन लिवा.”

मॅडमनी ते लिहिलं की नाही मला माहीत नाही. त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

“आज तीन वाजता मी जागेवर येते. मोजणी माझ्यासमोर होईल, भिंतीपासून भिंतीपर्यंत. ओट्यांसह.” त्या कोठावदेंना म्हणाल्या, “तुम्हीही या.”

कोठावदे म्हणाले, “जरूर.” आणि आम्ही बाहेर पडताना मावशीला मऊ आवाजात म्हणाले, “ताई, तुम्ही स्वतःचंच नुकसान केलंत.”

“माझं मी बघंन की,” मावशी म्हणाली. पण रिक्षात ती बाहेरच बघत राहिली. आईनं तिच्या मांडीवर हात ठेवला, तो तिनं बाजूलाही सारला नाही.

तीनला मॅडम आल्या. बरोबर शिपाई, नगरपंचायतीचा लोखंडी टेप आणि गावठाणाचा जुना नकाशा, गुंडाळलेला. कोठावदेंनी खिशातून लेझरचं यंत्र काढलं, मोबाईलएवढं. “बटण दाबलं की आकडा येतो मॅडम.” पण फेब्रुवारीचं टळटळीत ऊन. तो लाल ठिपका समोरच्या भिंतीवर कोणालाच दिसेना! कोठावदे भिंतीला हातानं सावली करतायत, शिपाई छत्री धरतोय.

“राहू द्या,” मॅडम म्हणाल्या. “टेप धरा.”

आळी दारादारात उभी. नुसत्या बघत होत्या सगळ्या. नियम मॅडमनी सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला. जड गाड्यांचा रस्ता सगळीकडे नऊ मीटर हवा, एका जागीही कमी चालणार नाही. म्हणजे एका जागी कमी भरला तर यार्ड नाही. सगळीकडे पुरला तर यार्ड होणार. ओटे तर दोन्हीकडून गेलेलेच. ते आता कोणी विचारतही नव्हतं.

आळीच्या तोंडाशी पहिली मोजणी. शिपायानं वाचलं, “नऊ वीस.”

कोठावदेंनी मान डोलावली.

चार घरं पुढं. “नऊ दहा.”

सतरा-अठरा नंबरची घरं, माझ्या बेरजेची. “नऊ शून्य चार.” माझी बेरीज बरोबर निघाली याचा मला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

पुढं. “नऊ शून्य दोन.” दोन सेंटिमीटर! मी ओट्याची कड इतकी घट्ट धरली होती की तळहातावर तिचा व्रण उठला. आई दारात उभी. ओठ दातात.

मग आमचं घर. समोर मावशीचं. मावशीची भिंत जुन्या दगडांची, हातभर जाड. शिपाई टेपचं टोक घेऊन तिच्या ओट्यावर चढायला लागला, तर मावशी म्हणाली, “आन इकडं. चपला घालून वट्यावर नको.”

तिनं टोक घेतलं आणि आपल्या भिंतीला लावलं, मिरच्यांच्या पोत्याच्या वर. शिपाई आमच्या भिंतीकडे. कोठावदे वाकून मावशीच्या हाताकडे बघत होते, बोट मध्ये येतंय का म्हणून.

“बघा, बघा,” मावशी म्हणाली. “नख पन न्हाई मधी.”

शिपायानं वाचलं. मग परत वाचलं. मग मॅडमना म्हणाला, “मॅडम, तुम्हीच बघा.”

मॅडम आमच्या ओट्यावर चढल्या, चपला काढून. टेपवर वाकल्या.

“आठ एकाहत्तर.”

कोणाला कळलंच नव्हतं.

“एकोणतीस सेंटिमीटर कमी,” मॅडम म्हणाल्या.

कोठावदेंचा मऊ आवाज पहिल्यांदा वर गेला. “मॅडम, ती भिंतच पुढं आलीय! ती भिंत पण अतिक्रमण—”

मॅडमनी नकाशा आमच्या ओट्यावर पसरला, चारी कोपऱ्यांवर आईच्या रिळांची डबी, कात्री, फूटपट्टी आणि माझा कंपास ठेवून. बोट फिरवत आणलं आणि एका ठिपक्यावर थांबवलं. “भिंत हद्दीवर आहे. नकाशा या बाईंच्या जन्माच्या आधीचा आहे. तुमच्या अर्जात ‘जागेवर नऊ मीटर रुंद, अडथळा नसलेला रस्ता’ असं लिहून दिलंय. तो नाही. अर्ज परत जाईल.”

एवढ्यात मला ते दिसलं. लख्ख दिसलं! आमचा ओटा पाच फूट तीन इंच, मावशीचा सहा फूट चार, मधलं अंतर सतरा फूट. एकोणतीस फूटसुद्धा होत नव्हते. माझ्याच अर्जांत होतं, नऊ आणि दहा नंबरच्या. कोठावदेंनी त्यांना हव्या त्या दोन घरांची बेरीज केली, आणि मी? तेवीस अर्ज लिहिले, आणि स्वतःच्या घराची बेरीज केली नाही. मघाशी व्हरांड्यात रडवेली होऊन उभी होते तेव्हाही नाही. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

आळीत एकच गलका झाला. कोणीतरी मला उचलायला आलं, आणि मी सत्तेचाळीस किलोंची, त्यामुळे तो बेत लगेच सोडला. आईनं न्हाणीत जाऊन तोंड धुतलं आणि खूप वेळ बाहेर आली नाही.

मॅडम नकाशा गुंडाळत होत्या. “ओट्यांच्या नोटिसा येतील,” त्या हळू म्हणाल्या. “ते मला टाळता येणार नाही. पंधरा दिवस मिळतील.”

“ठावं हाय,” मावशी म्हणाली.

नोटिसा आल्या, तेवीसच्या तेवीस. नंतर कोठावदे दोनदा येऊन गेले, मावशीची भिंत विकत मागायला. दुसऱ्या वेळी मावशी त्यांना म्हणाली, “भिंत नेता, तर मग वर पत्रा कशावर टेकवू? तुमच्या डोक्यावर?” त्यानंतर ते आले नाहीत. यार्ड आता ओढ्यापलीकडे, हायवेच्या अंगाला झालंय.

नोटिसा आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी सकाळी ठणठण आवाज आला म्हणून मी दार उघडलं. मावशी पहार घेऊन आपला ओटा फोडत होती. एकटी. पदर कमरेला खोचलेला.

“मावशी, जेसीबी येणार आहे ना! अजून दहा दिवस आहेत.”

“मशीन आलं की समदं एकदम चिरडतं. फरशा तरी ऱ्हातील माझ्या. नुसती उभी काय ऱ्हातीस? उचल.”

मी फरशा उचलून तिच्या घरात नेऊन रचायला लागले. त्या सुनावणीपासून आम्ही दोघी धड बोललो नव्हतो. चार फरशा झाल्यावर मी विचारलंच.

“मावशी, मी तर अंदाजे म्हटलं होतं. तू का उठलीस?”

तिनं पहार टेकवली. दम लागला होता. “तुझं तोंड बघितलं व्हतंस का तू? गळाला लागलेल्या माशागत उघडमीट, उघडमीट.”

“चेष्टा नको ना! खरं सांग.”

ती पायानं खडे बाजूला करत राहिली. मग म्हणाली, “चाळीस वर्सं मिरची तोलतीया. एकदा काटा मारला न्हाई. मारला असता तर आज ह्या वट्यावर माडी असती.” तिनं नाक पदरानं पुसलं. “आन् म्हातारपनी तुझ्यासारख्या पोरीला माझ्यासाठी काटा मारायला लावला. लाज वाटली गं. बस.”

वकिलीणबाईनं पाचवी फरशी उचलली.

तेवढ्यात वरच्या आळीतली एक बाई पिशवी हलवत आली आणि ढिगाऱ्यापाशी थबकली. “अगं बाई, हे काय? आज बंद का?”

“बंद कशापायी? काय देऊ?”

“पावकिलो मिरची. पण ठेवतेस कुठं तराजू?”

मावशीनं इकडं तिकडं बघितलं. सपाट जागा कुठंच नव्हती. नुसती खडी, दगड, माती. तिनं घरातून तागडी आणली, एका पारड्यात वजन टाकलं, दुसऱ्यात मिरच्या, आणि ढिगाऱ्यावर पाय रोवून ती तागडी हातात उंच धरून उभी राहिली. पहार मारून मारून तिचा हात थरथरत होता. पारडी खालीवर होत होती.

“चालेल गं, राहू दे, दे तशीच,” ती बाई म्हणाली.

“थांब,” मावशी म्हणाली.

काटा मध्ये येऊन थांबेपर्यंत आम्ही तिघी तशाच उभ्या राहिलो.